दरवाजेकरी, एक असामी

पळसटेकच्या अमृतरावांनी नाव कळवायला पाचची वेळ दिली होती. गावच्या गढीपुढं लढाईत मेलेल्यांचा स्तंभ उभा राहायचा होता. त्यावर नावं कोरणारा कारागीर संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होता, आणि तो गेला की ज्याचं नाव राहिलं त्याचं राहिलं. इकडं लातुरात दोन वाजून गेले तरी लेक लुंबिनी नांदेडहून कागद घेऊन आली नव्हती. सुमनबाईंनी वरण तिसऱ्यांदा गरम केलं आणि कुणी विचारलं नसताना म्हणाल्या, "यील की. एस्टी काय आपल्या घरची हाय?"

मारोतराव सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून खुर्चीत बसले होते. ऐंशी वर्षांचा माणूस, पण आज मुलगी बघायला आलेल्या नवरदेवासारखा अवघडला होता. सुमनबाईंना मनातून हसू येत होतं. दोनशे वर्षांपूर्वी मेलेला कुणी पूर्वज आज कागदावरून घरी यायचा, म्हणून एवढा थाट.

"आवो, जेवून तरी घ्या."

"खाजाभाई येऊ दे. पाहुण्याच्या आधी जेवणं बरं न्हाई."

त्यांचा मुलगा धम्मानंद दारापासून फाटकापर्यंत येरझारा घालत होता. लातुरात आता माणसांपेक्षा क्लासचे फलक जास्त, आणि त्यातल्या तीन फलकांवर धम्मानंद हाताची घडी घालून उभा होता: फिजिक्सचे वेसकर सर. वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणाऱ्या सहा मुली राहत होत्या, कुणी देगलूरच्या, कुणी कंधारच्या. रविवारच्या चाचणीची उत्तरं ताडून बघण्याचा त्यांचा गलका जिन्यातून खाली येत होता. एरवी त्या आवाजानं त्याला बरं वाटायचं. आज त्यानं वर तोंड करून दोनदा दटावलं.

त्याला हा स्तंभ का हवा होता, ते त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. जूनमध्ये अमृतरावांचा नातू त्याच्या वर्गात आला. पहिल्याच आठवड्यात पोरानं अभिमानानं सांगितलं, की आमचे पूर्वज पळसटेकच्या लढाईत गोऱ्या साहेबाच्या पलटणीशी लढताना मेले. मग सहज, काही वाईट मनात नसताना त्यानं विचारलं, "सर, तुम्ही पण पळसटेकचेच ना? तुमचे कोण होते?" ऐंशी मुलं बघत होती. धम्मानंद म्हणाला, "होते," आणि फळ्याकडं वळला. त्या एका शब्दाची त्याला सहा महिने लाज वाटत होती. होते, पण कोण? गढीच्या वेशीची राखण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घराकडं होती, आडनावच वेसकर. दरवाजा आपल्या माणसानं राखला हे सगळं गाव मानायचं. नाव मात्र कुणालाच माहीत नव्हतं. अमृतरावांनी फोनवर सरळ सांगितलं होतं, "नाव द्या, सगळ्यांच्या बरोबरीनं कोरतो. नसलं तर शेवटी 'व इतर' लिहावं लागंल, सर. माझा नाइलाज हाय."

अडीचच्या सुमारास रिक्षा थांबली. आधी लुंबिनी उतरली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. मागून खाजामियाँ, टोपी सावरत, गुडघ्यावर हात ठेवत. खाजामियाँना तहसिलीच्या रेकॉर्डमधून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण जुनी फारसी-उर्दू वाचणारा त्यांच्यासारखा माणूस नांदेडात आता हुडकून सापडत नव्हता. मेडिकलला नंबर लागलेल्या पोरांचे बाप जातपडताळणीसाठी निजामाच्या वेळचे कागद घेऊन त्यांच्या दारात बसायचे. त्यांची स्वतःची नात अर्शी इथंच वरच्या मजल्यावर राहून डॉक्टर व्हायला निघाली होती. ती धावत खाली आली, आजोबांना सलाम करून, खजुराचा डबा घेऊन तेवढ्याच वेगानं वर गेली.

"जय भीम, गुरुजी."

"सलाम, खाजाभाई. आधी हातपाय धुवा, ताट वाढलंय."

"न्हाई गुरुजी. आधी कागद, मागून खाना. गाडीत लुंबिनीबेटीनं दाखवलं, पण म्या मुद्दाम पुरं वाचलं न्हाई. म्हणलं, हे घरच्या माणसांपुढंच वाचायची चीज हाय."

लुंबिनीनं फाइल उघडली. ती नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. हा कागद तिला हदगावच्या एका देशपांड्यांच्या दफ्तरात सापडला होता, दोन सुट्ट्या धूळ खाल्ल्यावर. गढी पडल्यानंतर मेलेल्यांची यादी करून वर पाठवली होती, तिची ही नक्कल, एवढं त्यावरच्या मराठी शेऱ्यावरून तिला कळलं होतं. कागद हातात आला त्या दिवशी ती एकटीच रडली होती. मग स्वतःलाच रागावली होती, की वाचता येत नाही आणि रडतेस कशाला.

खाजामियाँनी चष्मा पुसला आणि कागदावर बोट ठेवलं. एकेक नाव ते आधी मूळ फारसीत वाचायचे, मग सांगायचे. राणोजी, शिलेदार, छातीत गोळी. त्याचा भाऊ हैबती. शेख चाँद, गोलंदाज, बुरुजावर. धम्मानंद वहीत उतरवत होता. चौदा नावं झाली. पंधराव्या ओळीवर खाजामियाँ थांबले.

"ही घोडी हाय. राणोजीची. नाव चंद्री. तिबी मेली."

"घोडीचं नाव लिहिलंय?" धम्मानंद म्हणाला.

"हाव." खाजामियाँनी पुढच्या ओळीवर बोट नेलं, आणि या वेळी त्यांनी वर पाहिलं नाही. "दरबान, यक नफर. म्हंजी दरवाजेकरी, एक असामी. कौम महार."

"नाव?"

"बस, एवढंच हाय बेटा."

लुंबिनीला हे कुठंतरी ठाऊक होतं. अशा याद्या तिनं खूप पाहिल्या होत्या. तरी तिला घोडीचा राग आला. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या मुक्या जनावराचा राग करावा, एवढी वेळ आपल्यावर यावी याचं तिला वाईट वाटलं.

"पण नावाशेजारी... म्हंजी त्या ओळीच्या बाजूला बारीक लिहिलंय," खाजामियाँ कागद उजेडात धरत म्हणाले. "लिहिणाराबी माणूसच असंल, त्याला ऱ्हावलं न्हाई. लिवतो की, याचा डावा हात कोपरापासून गेला. मग यानं उजव्या हातानं अडसर घातला आन् दरवाज्याला पाठ लावून बसला. दरवाजा पाडला तवा हा त्याच्याखाली घावला. आन्... ठैरो... घरच्यांनी कयाधू नदीच्या वाटंवर दगड उभा केला. एका हाताचा माणूस, पाठीमागं दार."

सुमनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला. मारोतरावांचा चेहरा एकदम उतरला होता.

"अप्पा?" लुंबिनी म्हणाली.

"थोटोबा," मारोतराव म्हणाले.

"काय?"

"शेंदूर लावलेला दगड होता. एका हाताचा. आम्ही पोरं त्याला थोटोबा म्हणायचो. माय त्याला अमावस्येला तेल घालायची." त्यांनी ओठांवरून हात फिरवला. "पाठीमागं दार हाय, हे शेंदरानं दिसतच नव्हतं."

धम्मानंदच्या हातातला पेन थांबला. ती गोष्ट त्याला तोंडपाठ होती. लातुरातल्या निम्म्या वस्तीला तोंडपाठ होती, कारण दरवर्षी दीक्षेच्या दिवशी विहारात मारोतराव गुरुजी ती सांगायचे. छप्पन साली, अठरा वर्षांचे असताना, दीक्षेनंतर त्यांनी घरातले आणि गल्लीतले चौदा देव पाटीत घालून स्वतःच्या डोक्यावरून नेले आणि कयाधूच्या डोहात सोडले. मरीआई, म्हसोबा, सगळे. चौदावा लई जड होता, असं ते म्हणायचे आणि लोक हसायचे. तो चौदावा तेवढा पाटीत मावला नव्हता. दोघांनी दोराला बांधून ओढत नेला होता.

"तुम्ही त्याला डोहात टाकलं," धम्मानंद म्हणाला. "आपल्याच माणसाला. आन् दरसाली टाळ्या घेतल्या."

"दादा!" लुंबिनी उठली. "अप्पांनी देव टाकले. त्या देवांनी आपल्याला काय दिलं होतं? त्या दिवशी ते पाटी घेऊन निघाले म्हणून तू आज फलकावर आहेस. त्यांना कुणी सांगितलं होतं का, की हा पूर्वज आहे?"

"कुणीतरी सांगितलंच असंल! दगड आपोआप उभा ऱ्हातो का?"

"आपल्या माणसाला पूर्वज व्हायची सोय नव्हती रे. त्याचं नाव कागदात नाही, पोथीत नाही. मग लोक विसरले आणि शेंदूर फासला. यात अप्पांचा काय दोष?"

मारोतराव लेकीकडं बघत होते. ती त्यांची बाजू घेत होती आणि ती खरंच बोलत होती, पण त्यांना ते ऐकवत नव्हतं. ते हळूच म्हणाले, "सांगितलं होतं."

सगळे त्यांच्याकडं वळले.

"मायनं. पारूबाईनं. तिनं तेरा देव स्वतःच्या हातानं काढून दिले, एक शब्द बोलली न्हाई. चौदाव्याला दोर लावला तवा आडवी आली. म्हणाली, 'हा देव न्हाई रे, हा घरचा हाय.' मी हसलो. म्हणलं, माय, सगळेच घरचे, म्हणून तर बाहेर काढून राहिलो. पोरं हसली. मला लई भारी बोलल्यासारखं वाटलं."

खाजामियाँनी चष्मा काढून कागदावर ठेवला. "गुरुजी, अठरा वर्षाचं वय," ते म्हणाले. "त्या वयात माणूस ऐकत कुठं असतो."

"अठराचा कायम ऱ्हायलो का मी? त्यानंतर ती सदतीस वर्षं माझ्यापाशी होती. औश्याकडं बदली झाली तवा तिला घेऊन आलो. रोज सांजच्याला एका ताटात जेवलो. एकदाबी विचारलं न्हाई, की माय, घरचा म्हंजी कोण? मग किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही अंगणात होतो, ती आत." ते थांबले. पुढचं घरात सगळ्यांना माहीत होतं.

साडेतीन वाजले होते. ताटं तशीच होती. धम्मानंद खिडकीपाशी गेला आणि परत आला. त्याचा राग उतरला नव्हता, पण त्याला वाट सापडली होती आणि वर्गातलं गणित सुटल्यासारखा तो भराभर बोलायला लागला.

"हे बघा. माणूस खरा, कागद खरा, घर आपलं. फक्त नाव न्हाई. त्या काळी आपल्यात नावं काय असायची? रायनाक, सिदनाक, येसनाक. येसनाक लिहू. कुणाचं काय जातंय?"

"नाही," लुंबिनी म्हणाली. "हे मी होऊ देणार नाही."

"तू कोण ग अडवणारी?"

"तो कागद मी शोधलाय. त्यात जे नाही ते मी त्यात आहे म्हणून सांगणार नाही. उद्या कुणी विचारलं तर?"

"राणोजीला कुणी विचारून राहिलं का? त्यांची नावं कागदावर, आपलं 'व इतर'मध्ये. खरं बोलायचा मक्ता आपलाच का?"

लुंबिनीनं आईकडं पाहिलं. आई नेहमी तिच्या बाजूची. पण सुमनबाई पदरानं हात पुसत लेकाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"लिहू द्या की," सुमनबाई म्हणाल्या. "आवो, तुमच्या मायला, आत्याबाईला, तेवढंच समाधान. नाव कोणतं का असंना, दगड तरी त्येचा व्हईल."

"आई, तू सुद्धा?"

"तुला काय ठाव, लुंबे." सुमनबाई नवऱ्याकडं न बघता बोलल्या. चाळीस वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट सांगताना त्यांना चोरी पकडली गेल्यासारखं वाटत होतं. "येळवशीच्या अमावस्येला आपण सगळे रानात जायचो न्हाई का, औश्याला? तुम्ही पोरं कडब्याच्या कोपीत जेवायला बसला की आत्याबाई बांधावर जायच्या. उत्तरंकडं तोंड करायच्या आन् आंबिलाचा एक तांब्या भुईवर वतायच्या. दरसाली. म्या एकदा इचारलं, कुणाला वो? म्हणाल्या, घरच्या थोराला. म्हणलं, नाव काय? तर म्हणाल्या, 'सासरच्या थोराचं नाव सुनंनं घेऊ न्हाई. मारोतीनं स्वतः इचारावं. त्यानं इचारलं तर त्येच्या कानात सांगीन.' आन् मला शपत घातली, की आपण होऊन सांगू नको, त्यो चिडंल, परत देव आले म्हणंल."

"आन् तू सांगितलं न्हाई," मारोतराव म्हणाले.

"तुम्ही चिडला असता."

ते खरंच चिडले असते. सुमनबाईंना रडू आलं. एका शब्दाचा प्रश्न होता, आणि घरातल्या तीन माणसांनी तो एकमेकांच्या भीतीनं आणि मानापोटी तसाच राहू दिला. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "माझंबी चुकलं."

तेवढ्यात धम्मानंदचा फोन वाजला. अमृतराव होते. त्यानं आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"सर, कारागीर पाचपर्यंत थांबत न्हाई म्हणतो, त्याची गाडी आधीची निघाली. आत्ताच सांगा. मिळालं का नाव?"

लुंबिनी धम्मानंदकडं रोखून बघत होती. एकाएकी त्यानं फोन उचलून बापासमोर धरला. "अप्पा, तुम्ही सांगा. घरचे थोर तुम्ही. तुमच्या तोंडून आलं की खरं." आणि मग, फोनवर हात ठेवून, लहान असताना जसा जत्रेत हट्ट करायचा तशा आवाजात म्हणाला, "एवढं करा माझ्यासाठी."

मारोतरावांनी लेकाकडं पाहिलं. आयुष्यात त्यांनी या पोराला काही वाडवडिलांचं म्हणून दिलं नव्हतं. शेत नव्हतं, घर भूकंपात गेलं, आणि जो एक दगड होता तो त्यांनी आपल्या हातानं बुडवला. आता एक नाव मागून राहिला होता. द्यावं. माय असती तर तिनंही नातवाला दिलं असतं, असं त्यांना वाटलं. लुंबिनीकडं त्यांनी बघायचं टाळलं आणि फोन हातात घेतला.

"अमृतराव, मी मारोती वेसकर."

"नमस्कार गुरुजी. सांगा, लिहून घेतो."

"लिहा. येस..."

ते थांबले. त्यांनी तो शब्द परत, आवाज न करता, नुसता तोंडात फिरवून पाहिला. खाजामियाँ पुढं झुकले. मारोतरावांनी बोटं ओठांवर ठेवली आणि तिसऱ्यांदा तसंच केलं, आणि मग मान हलवली.

"न्हाई," ते म्हणाले. "हे न्हाई."

"काय झालं गुरुजी?"

"हे त्याचं नाव न्हाई, अमृतराव. त्याला नाव होतं. माझ्या मायला ठाव होतं. मी ऐकून घेतलं न्हाई. तुम्ही असं करा, 'दरवाजेकरी' लिहा आन् पुढं एका नावाची जागा मोकळी सोडा."

"गुरुजी, दगडावर मोकळी जागा बरी दिसत न्हाई. लोक विचारतील."

"विचारू द्या. विचारलं की माझ्याकडं लातूरला पाठवा. मी सांगीन का मोकळी हाय."

पलीकडं अमृतराव कारागिराशी काहीतरी बोलले. मग म्हणाले, "बरं. सोडतो जागा," आणि फोन बंद झाला.

धम्मानंद खुर्चीत बसला. लुंबिनीला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण भावाचा चेहरा बघून तिला काही वाटेना. ती त्याच्याशेजारी जाऊन बसली. खाजामियाँ कागद परत फाइलीत घालत होते, अगदी हळू, कडा दुमडू नयेत म्हणून. सुमनबाई ताटं उचलून जेवण परत गरम करायला आत गेल्या आणि भांडं गॅसवर न ठेवताच दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अप्पा," धम्मानंद म्हणाला, "येसनाक न्हाई, हे तुम्हाला कसं ठाव? तसं असूबी शकतं."

"न्हाई. येसनाक म्हणताना ओठ मिटत न्हाईत. म्हणून बघ."

धम्मानंदनं म्हणून पाहिलं.

"डोहापाशी ती मागंमागं आली होती," मारोतराव म्हणाले. "अनवाणी, पळत. आम्ही दगड काठावर उभा केला आन् घोषणा द्यायला लागलो, दहाबारा पोरं, जीव तोडून. ती समोर उभी राहून मला काहीतरी वरडून सांगत होती. सासरच्या थोराचं नाव बाईनं घेऊ न्हाई, पण तिनं घेतलं असणार. दुसरं काय वरडंल? मला ऐकू आलं न्हाई. तोंड दिसत होतं. तिचे ओठ मिटले, गच्च."

"आन् मग?"

"मग काय झालं, ते मला दिसलं न्हाई, धम्मा. मी आणखी मोठ्यानं घोषणा दिली आन् तिच्याकडं पाठ करून दगड ढकलला."